दोन्ही कॉमन करून टाक

‘कॉमन’ या शब्दाचा मला हल्ली संताप येतो. सोसायटीच्या नोटिशीत कुणी ‘कॉमन जिना’ लिहिलं तरी कपाळाला आठी पडते. आमच्याकडच्या वायरमन मंडळींचा हा लाडका शब्द. दोन वायरींची टोकं सोलली, पीळ दिला, वरून काळी टेप गुंडाळली, की झालं कॉमन. ‘इथं कॉमन मार’, ‘ते दोन्ही कॉमन कर’, ‘बघ रे, कॉमन लूज झालाय का’. माझा दादा वायरमन आहे. आमच्या विचुंबे गावातल्या कितीतरी नव्या इमारतींच्या भिंतींत त्यानं मारलेले कॉमन आहेत आणि ते त्या इमारतींपेक्षा जास्त टिकतील. त्याचं काम नेटकं असतं, हे मी ऐन भांडणातही नाकारलेलं नाही.

मी वायरमन नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, तळोज्याच्या एका कारखान्यात बरीच वर्षं सर्किट बोर्ड तपासले आणि कारखान्याला टाळं लागल्यावर खांदा कॉलनीतल्या माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर स्वतःची सर्किटं करायला लागले. लोक याला ‘छंद’ म्हणतात, आणि तेही असं म्हणतात जणू मी लोकरीच्या टोप्या विणते. नवरा रविवारी चार तास कॅरम खेळतो तो विरंगुळा, आणि मी टेबलावर एक बोर्ड मांडला की तो पसारा. शेजारीपाजारी मिक्सर बिघडला की मला हाक मारतात. मी मिक्सर दुरुस्त करत नाही असं सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो, मग हिला येतं तरी काय, असा.

मोबाइलवर आम्हा सर्किटं करणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यात दर चार-आठ दिवसांनी कुणीतरी एक फोटो टाकतं. दोन चिप, दोघींच्या आउटपुटच्या वायरी एकत्र पिळलेल्या, आणि खाली प्रश्न: ‘मॅडम, चिप गरम का होतेय?’ गरम का होतेय! अरे, तू त्या दोघींना एकमेकींच्या झिंज्या धरायला लावल्यास, मग काय गार पडतील? वर दुसरा कुणी छाती काढून लिहितो, ‘मी पण असंच जोडलंय, माझं तर चालतंय.’ हा ‘माझं तर चालतंय’वाला माणूस मला प्रत्यक्षात कधी भेटला नाही, हे त्याचं भाग्य.

गोष्ट इतकी साधी आहे. घरातल्या बेलचं बटण दाबलं की ते ‘हो’ म्हणतं आणि सोडलं की गप्प बसतं. म्हणून एका बेलला दहा बटणं लावा, दहाही कॉमन मारा, काही बिघडत नाही. एक बोलतं तेव्हा बाकीची नऊ गप्प असतात. चिपला गप्प बसता येत नाही. ‘हो’ म्हणायचं नसेल तेव्हा ती ‘नाही’ म्हणते आणि ते जोरानं म्हणते, वायर शून्यावर खेचून धरते. अशा दोन चिपच्या आउटपुट एकत्र पिळल्या तर एक ‘हो’ म्हणत असताना दुसरी त्याच वायरीवर ‘नाही’ म्हणत असते. वायरीवर मग धड हो नाही आणि धड नाहीही नाही. दोघी एकमेकींवर जोर काढून तापतात, आणि पुढच्या भागानं त्यातून काय समजायचं ते त्याच्या नशिबावर. हे मी ग्रुपवर इतक्या वेळा लिहिलंय की मी ‘आउटपुटला’ असा शब्द टाइप केला की मोबाइल पुढचं वाक्य आपणहून सुचवतो.

हे मुद्दाम सांगतेय. पुढे जे घडलं ते अज्ञानातून घडलं, असं कुणी म्हणू नये.

बाबा विचुंब्याला दादाकडे तळमजल्यावर राहतात. त्यांचं आयुष्य मिठागरात आणि खारजमिनीतल्या भातात गेलं. जमिनी गेल्या, घर तीन मजली झालं, दादाचा संसार वर गेला, पण बाबांनी खालची पुढची खोली सोडली नाही. तिचं दार रस्त्यावर उघडतं. सकाळी जो तो त्या दाराशी थांबतो, ‘काय काका, बरं हाय ना?’ म्हणतो. मासळीवाली टोपली उतरवून पाच मिनिटं टेकते. आई गेल्यानंतर आणि अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात-पाय लुळा पडल्यानंतर बाबांचं जे काही जग उरलं ते त्या दारातून आत येतं. त्यांना दुसरं काही नको होतं. ती खोली तेवढी हवी होती.

त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांतही फारसा जोर नाही. बेलच्या बटणावरून अंगठा घसरायचा. म्हणून मी पलंगाशेजारी तळहाताएवढी पितळी पट्टी बसवली आणि तिची नखाएवढी चिप पश्चिमेच्या भिंतीवरच्या डब्यात. पट्टीला नुसता हात टेकला की वरच्या मजल्यावर बेल वाजायची. वहिनी वर शिवणाचा क्लास घेते, सात-आठ मशिनी एकदम चालतात, म्हणून बेल अशी दणदणीत निवडली होती की पहिल्यांदा वाजली तेव्हा एका मुलीनं झबल्याची बाही उलटी शिवली. पट्टी चार महिने बिनतक्रार चालली. बाबा हात टेकायचे, वहिनी खाली यायची. मला त्या पट्टीचा इतका अभिमान वाटायचा की येईल त्या पाहुण्याला मी ती वाजवून दाखवायचे आणि वहिनी उगाचच जिने उतरायची.

मग वहिनी म्हणाली, संडासातही एक पट्टी हवी. काठी टेकत बाबा तिथपर्यंत जातात, पण बसल्यावर उठताना कुणीतरी हात धरावा लागतो. तिचं खरं होतं. मी तशीच दुसरी पट्टी चिपसकट तयार केली. दादा स्टेशनकडे सामान घ्यायला आला होता, त्याच्या हाती ती मिठाईच्या खोक्यातून पाठवली. स्वतः गेले नाही. त्या आठवड्यात मी एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मुलींकडून सर्किटं करून घेत होते आणि मला घाई होती. संध्याकाळी दादाचा मेसेज आला, ‘वायरी कशा जोडू?’ मी चालता चालता त्याला आवाजातच उत्तर पाठवलं. तासाभरानं त्याचं आलं, ‘झाला. वाजते.’ अंगठा पाठवून मी तो विषय मिटवला.

चौथ्या दिवशी दुपारी वहिनीचा फोन. पलंग ओला झाला होता. बाबा म्हणत होते, बेल मारली, कुणी आलं नाही. वहिनी म्हणत होती, बेल वाजलीच नाही.

माझा पहिला संशय वहिनीवर गेला, हे लपवत नाही. मशिनीपुढे बसली असेल, ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. नणंद म्हणून जन्माला आलं की असले विचार फुकट मिळतात. मी जरा तिखटपणेच विचारलं. तीही काही ऐकून घेणारी नाही.

‘माज्या क्लासच्या आठ पोरी बसल्यात समोर. देऊ एकेकीला फोन? विचार तू.’

आणि तिनं खरंच दिला. आठही जणी एकामागून एक ‘नाय वाजली, काकी’ म्हणाल्या. रात्री दादा घरी आला, पट्टीला हात लावला, बेल वाजली. सकाळी पुन्हा लावला, पुन्हा वाजली. दोन दिवसांनी दुपारी परत तेच. त्यानंतर एकदा बाबा तासभर संडासात भिंतीला टेकून बसून राहिले, वहिनी चहा घेऊन खाली आली तेव्हा सापडले. त्यांचं म्हणणं एकच होतं.

‘मी हात लावलेला. दुपारची ती वाजत नाय. सकाळची वाजते.’

यावर घरात हशा पिकला. ‘बेल काय सरकारी हापिस हाय, दुपारची जेवाला जायाला?’ दादा म्हणाला. त्यानं हा विनोद मला फोनवर सांगितला आणि मीही हसले. खदाखदा हसले. कारखान्यात मी जे इंजिनियर पाहिले त्यांच्यातल्या निम्म्यांना बिघाड इतका नेमका सांगता येत नसे. किती वाजता होतो, किती वाजता होत नाही, एवढं कळलं की तपासणाऱ्याचं अर्धं काम झालेलं असतं. कुणा अनोळखी मुलानं ग्रुपवर ‘मॅडम, दुपारीच बंद पडतं’ असं लिहिलं असतं तर मी लगेच विचारलं असतं, बोर्ड कुठं बसवलाय, तिथं ऊन येतं का. ते माझ्या बापानं सांगितलं म्हणून तो विनोद झाला.

आणि तिथून सगळं घसरत गेलं. बेल सकाळी आणि रात्री वाजत होती, आठ पोरी साक्षीला होत्या, म्हणजे चूक बाबांची. हात लावलाच नसेल. लावला असं वाटलं असेल. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, या वयात असे भास होतात, लक्ष ठेवा. ‘लक्ष ठेवा’ या दोन शब्दांवर दादानं निर्णय घेतला, बाबांना वर न्यायचं. वर म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची खोली. तिला एक खिडकी आहे आणि खिडकीतून शेजारच्या इमारतीचे पाइप दिसतात. जिना असा की एकदा वर गेलेले बाबा पुन्हा खाली येणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दादाला बाप जड झाला होता असं नाही. तो घाबरला होता. पण घाबरलेला माणूस दुसऱ्याचं ऐकत नाही, आणि त्याच्या मदतीला विज्ञान म्हणून मी होतेच. मी सांगितलं होतं, सर्किटमध्ये काही दोष नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी वहिनीकडून फोन मागून घेतला.

‘बाय, तू तरी सांग याना. मी हात लावलेला.’

मी काय म्हणाले ते मला शब्दन्शब्द आठवतं. मी म्हणाले, ‘बाबा, खोटं कशाला बोलता? झालं असेल, त्यात लाज कसली?’

मला वाटलं मी समजूतदारपणे बोलतेय. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून आवाज मऊ केला होता. थोड्या वेळानं फोनवर वहिनी आली आणि म्हणाली, झोपतो म्हणाले.

वर न्यायचा दिवस शनिवारचा ठरला. मी गुरुवारी दुपारी सामान आवरायला गेले. चैत्राचं ऊन होतं, पश्चिमेकडची भिंत तापून बाहेर वाफ टाकत होती. बाबा पलंगावर उशीला टेकून बसले होते. मी कपाटातली धोतरं, बंड्या काढून घड्या घालत होते आणि वरच्या खोलीत कसा वारा येतो याची खोटी वर्णनं करत होते. बाबांनी डावा हात उचलला आणि पट्टीवर ठेवला. वरती मशिनी चालू होत्या. बेल वाजली नाही. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला. मग नुसतं माझ्याकडे बघितलं. ‘बघ’ असंसुद्धा म्हणाले नाहीत.

मी धोतर तिथंच टाकलं आणि पट्टीवर माझा पंजा दाबला. काही नाही. संडासात जाऊन तिथली पट्टी दाबली. काही नाही. जिन्यातून वहिनीला हाक मारली, तिला संडासातल्या पट्टीवर हात ठेवायला सांगितलं आणि मी पलंगाजवळच्या पट्टीवर ठेवला. वर बेल अशी ठणाणली की मशिनी थांबल्या.

दोन्ही दाबल्या की वाजते, एकच दाबली की नाही. तेवढ्यानंच माझ्या डोक्यात तिडीक गेली. स्टूल ओढून पश्चिमेच्या भिंतीवरचा डबा उघडला. आत दोन्ही पट्ट्यांच्या आउटपुटच्या वायरी, काय ती टेप, काय तो पीळ, एकदम सुबक कॉमन मारलेला. वहिनीला पलंगाच्या पट्टीवर हात ठेवून उभं केलं आणि चिपला बोट लावलं. चटका बसला.

पलंगाची पट्टी ‘हो’ म्हणत होती आणि संडासातली, तिला कुणी हातही न लावता, ‘नाही’ म्हणत होती. वायर मध्येच कुठंतरी अडकून पडत होती, बेल वाजायच्या जरा वर किंवा जरा खाली. भिंत गार असेपर्यंत ती जेमतेम वर राहायची आणि ऊन तापलं की खाली जायची. बाबांनी सांगितलं होतं तसंच. अगदी वेळेसकट.

मी दादाला फोन केला आणि काय वाट्टेल ते बोलले. चिडले की माझं खांदा कॉलनीतलं मराठी गळून पडतं आणि विचुंबं बाहेर येतं. ‘तुला अक्कल हाय का नाय? आउटपुटला आउटपुट पिळतात का कवा? एवढा बाप वेडा ठरवलास!’ तो कुठल्यातरी बिल्डिंगच्या कामावर होता, तसाच सिमेंट लागलेल्या हातांनी मोटारसायकलवर आला. दारातच भांडण सुरू झालं. रस्त्यानं जाणारे थांबले. वरून आठ पोरी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या, वहिनी त्यांना वर ढकलत होती आणि स्वतः हलत नव्हती.

‘अगं, वायर म्हंजे वायर,’ दादा म्हणाला. ‘दोन बटनं असली का आमी कॉमन मारतो. रोज मारतो. मी लावली तवा वाजली. मी हिकडं हात ठेवला, हिला तिकडं ठेवायला सांगितला. मस जोरात वाजली.’

‘दोघांनी एकदम ठेवलात म्हणून वाजली! एकेक करून बघायला काय झालेलं?’

‘पन तूच सांगितला ना कॉमन कर म्हनून.’

‘मी ग्राउंड कॉमन करायला सांगितलं होतं! ग्राउंड! दोन्ही पट्ट्यांची काळी वायर! ती एक करावीच लागते. आउटपुट कर असं मी जन्मात म्हणणार नाही. साऱ्या ग्रुपला मी हे शिकवते!’

दादानं खिशातून फोन काढला. तो वाद घालणारा माणूस नाही. बोटानं वर सरकवत सरकवत त्यानं त्या दिवशीचा मेसेज शोधला आणि फोन मोठ्या आवाजावर करून हात पुढे धरला. रस्त्यावरची, जिन्यातली, खोलीतली, सगळी माणसं ऐकत होती. आधी रिक्षाचा हॉर्न, मग धापा टाकत माझाच आवाज.

‘अरे सोपं आहे, दोन्ही कॉमन करून टाक आणि बघ वाजते का. मी घाईत आहे.’

ग्राउंड हा शब्द त्यात नव्हता. काळी वायर नव्हती. माझ्या मनात होती, आणि मनातल्या शब्दांवर विश्वास ठेवून मी तीन आठवडे जगाला शहाणपण शिकवत होते. आम्हा सर्किटवाल्यांचं ‘कॉमन’ म्हणजे ग्राउंड, सगळ्या भागांची परतीची काळी वायर, दुसरं काही नाही. वायरमनचं ‘कॉमन’ म्हणजे हातात असतील त्या दोन वायरी. त्याच्या शब्दानं त्यानं काम केलं, नेमकं केलं, टेपसुद्धा दोनदा गुंडाळली. कुणी तरी ‘जाऊ दे ना’ म्हणालं. मला ते ‘जाऊ दे’ही असह्य झालं. माझ्या रागाला इतका वेळ एक माणूस होता आणि आता तो माणूस मीच निघाले. राग मात्र होता तेवढाच होता, त्याला जागा बदलायला एक क्षणही लागला नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. पीळ सोडवला. जुनी चिप पुष्कळ तापली होती म्हणून तिच्या जागी पर्समधली नवी लावली. मग दोन्ही आउटपुटवर एकेक डायोड, आणि डायोडांच्या पुढं वायरी एकत्र. बाबांना काय करतेय ते कळावं असं मला फार वाटत होतं. मी डायोड त्यांच्या तळहातावर ठेवला. मिरीच्या दाण्याएवढी ती वस्तू, एका टोकाला पांढरी रेघ.

‘यातून एकाच बाजूनं जातं बाबा. पट्टीचं “हो” यातून बाहेर येतं. दुसरीचं “नाही” यातून आत जात नाही.’

ते तळहाताकडं बघत राहिले.

‘उघाडी,’ ते म्हणाले.

खारजमिनीच्या बांधाला भोक ठेवून त्याला लाकडी झडप लावतात. ओहोटीला शेतातलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबतं आणि ती आपोआप बंद होते. ती उघाडी. मी डिप्लोमाच्या तीन वर्षांत डायोडची इतकी चांगली व्याख्या ऐकलेली नाही.

‘उघाडीच,’ मी म्हणाले.

‘म्हंजे दोन शेतांना दोन उघाड्या. खाडी एकच,’ बाबा म्हणाले. ‘मंग पानी एकमेकाच्या शेतात कशाला जाईल?’ आणि दादाकडं वळून, ‘हे तुला नाय सुचला?’

दादा हसला. मला हसू आलं नाही. शेवटी एक रेझिस्टर ग्राउंडला जोडला, कुणीच बोलत नसेल तेव्हा वायर लोंबकळत राहू नये म्हणून, आणि डबा पश्चिमेच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीला ठोकला. पलंगाची पट्टी एकटी वाजली. संडासातली एकटी वाजली. दोन्ही मिळून वाजल्या. चिप गार.

मी पलंगावर बाबांच्या पायांशी बसले. हे असं मनातल्या मनात ठेवायचं नाही, असं ठरवलं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘बाबा, तुम्ही खरं बोलत होता.’

‘ते मला ठाऊक हाय,’ ते म्हणाले.

वर न्यायचं रद्द झालं. दादानं स्वतःच सांगितलं, शनिवारी कुणी येऊ नका. मी धोतरं परत कपाटात लावली. घरी येऊन ग्रुपवर सारी हकिगत लिहायला घेतली आणि अर्ध्यात पुसून टाकली. माझ्याकडून चूक कशी झाली ते मी फार चतुराईनं लिहीत होते. वाचणाऱ्याला शेवटी माझंच कौतुक वाटलं असतं.

पंधरा दिवस झाले. वहिनीला मी रोज विचारायचे, बेल वाजते ना? ती ‘वाजते की’ म्हणायची. एक दिवस तिनं जरा थांबून सांगितलं.

‘सकाळची मी साफसफाई करताना हात लावते तवा वाजते. बाबा लावत नायत.’

‘म्हणजे? दुपारी लागलं तर?’

‘लागतच नाय त्याना. पानी प्याले तर लागंल ना. मी तांब्या भरून ठेवते दुपारी जेवनाबरोबर. चारला खाली येते तवा जसाच्या तसा. ओठ सुकलेले असतात, पन पीत नायत. सांगून दमले मी.’

मी दुसऱ्याच दिवशी गेले. दुपारी दोनची वेळ. दारात कुणी नव्हतं, रस्त्यावर ऊन. तांब्या उशाशी, वर झाकलेला पेला, आणि पाणी अगदी काठापर्यंत. मला इतका संताप आला की मी चप्पलही काढली नाही. कुणावर ते ठाऊक होतं, पण तोंड सुटलं ते त्यांच्यावरच.

‘पाणी का पीत नाही तुम्ही? या उन्हात? बेल वाजते आता, मी किती वेळा दाखवलं! नुसता हात लावायचाय!’

‘वाजते,’ बाबा म्हणाले. ‘मी कुठं नाय म्हनतो?’

‘मग?’

मी पेला भरून हातात दिला. त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि पेला छातीवर टेकवून धरला. तहान लागलेल्या माणसाचे ते घोट होते, मला ते दिसत होतं. तरीही हात तिथंच थांबला.

‘संपवा तो,’ मी ओरडले.

त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं, चपलांकडं. मग वर माझ्याकडं.

‘बाय, तू हायस ना आता? लगेच नाय ना जायाची?’

मी चपला काढल्या आणि दाराशी ठेवून आले. ‘आहे,’ म्हणाले. ‘संध्याकाळपर्यंत आहे.’

मग ते पेलाभर पाणी प्यायले आणि दुसरा मागितला.